कमांड-लाइन संगीत प्लेअरला पोर्टेबल ऑडिओ बॅकएंड जोडणे: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कमांड-लाइनवर चालणाऱ्या प्लेअरला नवा ऑडिओ बॅकएंड, म्हणजे ध्वनीचा डेटा उपकरणापर्यंत पोहोचवणारा भाग, जोडायचा म्हणजे लायब्ररीच्या उदाहरणातील काही ओळी उचलून आणायच्या, अशी समजूत बरीच रूढ आहे. त्या ओळींनी आवाज येतो, हे खरे आहे. मात्र थांबवलेले गाणे पुन्हा सुरू करताना मागचा तुकडा ऐकू येणे, दाखवली जाणारी वेळ गाण्याच्या पुढे पळणे, शेवटचा अर्धा सेकंद गळून पडणे, टर्मिनलच्या मधोमध कुठल्यातरी लायब्ररीचे संदेश उमटणे, या तक्रारी त्यानंतरच सुरू होतात. बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते. प्लेअर आणि बॅकएंड यांच्यातला करार ठरण्याआधीच कोड लिहिला जातो आणि मग लायब्ररीच्या सवयी प्लेअरच्या गाभ्यात झिरपतात. म्हणून या लेखात कोडपेक्षा क्रमावर भर दिला आहे.

उदाहरणासाठी सीमस हा सी भाषेत लिहिलेला प्लेअर समोर ठेवला आहे, कारण त्याच्या आउटपुट प्लगिनची रचना लहान आणि स्पष्ट आहे. वेगळा प्लेअर असला तरी पायऱ्या बदलत नाहीत. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती हेडरमध्ये, म्हणजे फंक्शने जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये, जशी आहेत तशीच वापरावीत.

## १. लायब्ररी निवडण्याआधी उणीव ठरवावी

लिनक्सवरील आल्सा, मॅकओएसवरील कोअरऑडिओ, विंडोजवरील वासापी आणि ओपनबीएसडीवरील एसएनडीआयओ हे त्या त्या प्रणालीचे स्वतःचे मार्ग आहेत. पोर्टऑडिओ, लिबएओ, एसडीएल २ आणि मिनीऑडिओ या लायब्रऱ्या अशा मार्गांवर एक समान आवरण घालतात; त्यांच्यावर उभा केलेला बॅकएंड म्हणजे पोर्टेबल बॅकएंड. आवरण घातले की काही माहिती झाकली जाते, हे आधीच मान्य करावे. ज्या प्रणालीसाठी प्लेअरकडे चांगला मूळ बॅकएंड आहे, तेथे पोर्टेबल बॅकएंड त्याच्या जागी बसवू नये. जेथे मूळ बॅकएंड नाही किंवा तो चालला नाही, तेथे वापरण्यासाठी तो ठेवावा.

निवड करताना पुढील फरक लक्षात घ्यावेत. लिबएओ सर्वांत सोपी आहे, पण तिच्यात गाणे तात्पुरते थांबवण्याची सोय नाही आणि बफरमध्ये, म्हणजे वाजण्याची वाट पाहणाऱ्या डेटाच्या साठ्यात, किती जागा उरली आहे हेही ती सांगत नाही. पोर्टऑडिओमध्ये कॉलबॅक (डेटा हवा तेव्हा लायब्ररीनेच आपले फंक्शन बोलावणे) आणि थेट लिहिणे असे दोन्ही मार्ग आहेत आणि उरलेली जागा विचारता येते, त्यामुळे सीमससारख्या रचनेत ती नीट बसते. एसडीएल २ मध्ये ऑडिओची रांग वापरणे सोपे आहे, परंतु केवळ आवाजासाठी खेळ आणि ग्राफिक्सकरिता लिहिलेली मोठी लायब्ररी सोबत येते. मिनीऑडिओ एकाच फाइलमध्ये मावते आणि बाहेरच्या कुठल्याही पॅकेजवर अवलंबून राहत नाही. मात्र तिचा मूळ स्वभाव कॉलबॅकचा आहे.

परवान्याकडेही याच वेळी पाहावे. लिबएओ जीपीएल परवान्याखाली आहे (तो जोडलेला प्रोग्राम वितरित करताना त्याचाही कोड खुला ठेवण्याची अट घालतो), पोर्टऑडिओचा परवाना एमआयटीच्या धर्तीवरचा आहे आणि एसडीएल २ झेडलिब परवान्याखाली आहे. आपला प्लेअर जीपीएलमध्ये असेल तर यातले काहीच आड येत नाही. तो एमआयटीसारख्या कमी अटींच्या परवान्याखाली असेल तर लिबएओ जोडण्यापूर्वी थांबून विचार करावा लागतो.

तपासणी: "हा बॅकएंड कोणत्या प्रणालीवर, कोणाच्या उपयोगी पडणार आहे?" याचे उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नये.

## २. करार कागदावर उतरवावा

सीमसमधील आउटपुट प्लगिनच्या करारात नऊ फंक्शने आहेत: इनिट, एक्झिट, ओपन, क्लोज, ड्रॉप, राइट, बफर-स्पेस, पॉज आणि अनपॉज. नावे वाचून सगळे समजल्यासारखे वाटते आणि तेथेच घोटाळा होतो. प्रत्येक फंक्शनापुढे पाच प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. मोजमाप बाइटमध्ये की फ्रेममध्ये? जागा नसेल तर कोणी थांबायचे, प्लेअरने की बॅकएंडने? परत येणारी संख्या काय सांगते? हे फंक्शन कोणत्या थ्रेडमधून (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कोणत्या कामातून) बोलावले जाते? आणि चूक झाल्यावर उपकरण कोणत्या अवस्थेत सोडायचे?

सीमसची उत्तरे अशी आहेत. सर्व मोजमाप बाइटमध्ये होते. प्लेअर आधी बफर-स्पेसला विचारतो, मिळेल तेवढ्याच जागेपुरते लिहितो आणि जागा नसेल तर स्वतः थोडा वेळ झोपतो. राइट फंक्शन प्रत्यक्ष लिहिलेले बाइट परत करते. चुकीसाठी ऋण संख्या ठरलेल्या आहेत, आणि "हा फॉरमॅट चालत नाही", "उपकरण उघडलेले नाही" व "सिस्टिमने चूक दिली" या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कळवता येतात. हा भेद बॅकएंडने पाळलाच पाहिजे, कारण वापरणाऱ्याला दिसणारा संदेश त्यावरूनच तयार होतो.

फ्रेम आणि सॅम्पल यांची गल्लत येथेच मिटवावी. सॅम्पल म्हणजे एका चॅनेलमधील एका क्षणाचे मोजमाप; एका क्षणाचे सर्व चॅनेलमधील सॅम्पल मिळून एक फ्रेम होते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत १६ बिटांचे २ चॅनेल असतात, म्हणून एक फ्रेम ४ बाइटांची, आणि ४४१०० फ्रेमचा एक सेकंद १७६४०० बाइटांचा होतो. ही संख्या लक्षात ठेवली तर पुढील निम्म्या चुका नुसत्या आकड्यांकडे पाहून पकडता येतात.

सावधान: लायब्ररीत एखादी सोय नाही म्हणून करारात नवे फंक्शन किंवा विशेष अपवाद घालू नये. एका बॅकएंडसाठी गाभ्यात घातलेला अपवाद पुढे प्रत्येक बॅकएंडला सांभाळावा लागतो.

## ३. चाचणीची साधने आधी तयार ठेवावीत

खऱ्या उपकरणाला हात लावण्यापूर्वी दोन बॅकएंड असणे आवश्यक आहे. एक काहीही न वाजवणारा, तर दुसरा आलेले सगळे बाइट वेव्ह फाइलमध्ये लिहिणारा. प्लेअरमध्ये ते नसतील तर आधी तेच लिहावेत. त्यांना फारसा वेळ लागत नाही आणि कराराचा अर्थ नीट लागला आहे की नाही, हे त्यातूनच कळते. लिबएओमध्ये नल आणि वेव्ह असे दोन्ही ड्रायव्हर तयार मिळतात.

काहीही न वाजवणाऱ्या बॅकएंडने घड्याळाप्रमाणे बाइट संपवले पाहिजेत. त्याने ते मिळताच गिळून टाकले तर अख्खा अल्बम काही सेकंदांत "वाजून" होतो आणि वेळेची कुठलीच चाचणी करता येत नाही. वेव्ह लिहिणाऱ्या बॅकएंडचा उपयोग वेगळा आहे. प्लेअरमधील आवाजाची पातळी पूर्ण ठेवून आणि रिप्लेगेन (गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) बंद करून एखादी वेव्ह फाइल त्यातून काढली, तर फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग सोडून उरलेला भाग मूळ फाइलशी बाइटगणिक जुळला पाहिजे.

तपासणी: दोन्ही फाइल बाइटगणिक जुळत नसतील तर दोष प्लेअरच्या गाभ्यात आहे. तो आधी दूर करावा, नाहीतर पुढे त्याचे खापर नव्या बॅकएंडवर फुटेल.

## ४. बिल्डमध्ये जागा करावी

हा भाग थोडक्यात आटोपतो. लायब्ररी आहे की नाही हे पॅकेज-कॉन्फिग या साधनाने शोधावे, नसेल तर बॅकएंड गाळून बाकीचा प्लेअर मुकाट्याने कंपाइल व्हावा, आणि वापरणाऱ्याने तो स्पष्टपणे मागितला असताना लायब्ररी सापडली नाही तर मात्र कॉन्फिगर ही कंपाइलपूर्वीची तपासणी चुकीसह थांबावी. बॅकएंड चालू वेळी लोड होणारी स्वतंत्र फाइल म्हणून बांधावा. त्यामुळे ती लायब्ररी नसलेल्या यंत्रावरही मुख्य प्लेअर सुरू होतो. मुख्य प्रोग्रामलाच पोर्टऑडिओ जोडून टाकली तर पॅकेज बांधणाऱ्या वितरणांना ती सर्वांच्या माथी मारावी लागते.

एसडीएल २ च्या बाबतीत एक विशेष गोष्ट आहे. काही प्रणालींवर तिचे हेडर मेन या नावाचीच पुनर्व्याख्या करते. प्लगिनमध्ये ते नको असते, म्हणून हेडर समाविष्ट करण्यापूर्वी एसडीएल-मेन-हँडल्ड हे चिन्ह परिभाषित करावे.

## ५. उपकरण उघडणे आणि फॉरमॅट ठरवणे

इनिटमध्ये फक्त लायब्ररी जागी करावी आणि उपकरण उघडण्याचे काम ओपनमध्ये ठेवावे. प्लेअर सुरू होताच उपकरण अडवून बसणारा बॅकएंड इतर प्रोग्रामांचा आवाज बंद पाडू शकतो. पोर्टऑडिओत यशस्वी झालेल्या प्रत्येक इनिशिअलाइझला एक टर्मिनेट लागते, हेही विसरू नये.

ओपनमध्ये प्लेअरकडून चार गोष्टी येतात: सॅम्पलचा दर, बिटांची संख्या, चॅनेलांची संख्या व क्रम, आणि बाइटांचा क्रम. या चारही गोष्टी लायब्ररीला जशाच्या तशा मान्य आहेत की नाही, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. मान्य नसेल तर रूपांतर करावे किंवा "फॉरमॅट चालत नाही" असे कळवावे. तिसरा मार्ग नाही.

दर. एसडीएल २ मध्ये उपकरण उघडताना बदलांना परवानगी दिली नाही, तर ती आपण मागितलेल्या फॉरमॅटमध्ये डेटा घेते आणि रूपांतर स्वतः करते. परवानगी दिली, तर मिळालेला फॉरमॅट वाचून त्याप्रमाणे डेटा देण्याची जबाबदारी आपली होते. ती पार पाडली नाही आणि ४४१०० चा डेटा ४८००० च्या उपकरणाला गेला, तर गाणे वेगाने वाजते आणि साधारण दीड पट्टी वर चढते. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोन ओलांडून काळी दोनकडे सरकते. गाणे ओळखीचे नसेल तर हा दोष कानाला सहज कळत नाही, म्हणून चाचणीसाठी ठरलेल्या वारंवारतेचा शुद्ध स्वर वापरावा. पोर्टऑडिओत उघडण्यापूर्वी फॉरमॅट चालतो का, हे विचारण्याचे फंक्शन आहे, ते वापरावे. विशेषतः विंडोजवर वासापीच्या सामायिक मोडमध्ये प्रणालीचा मिक्सर ४८००० वर असताना ४४१०० ची मागणी नाकारली जाऊ शकते, आणि वापरणाऱ्याला "काही फाइल वाजतात, काही वाजत नाहीत" एवढेच दिसते.

बिट. २४ बिटांचा ध्वनी दोन प्रकारे मांडला जातो: ३ बाइटांत घट्ट बसवून किंवा ४ बाइटांत मोकळा ठेवून. पोर्टऑडिओचा २४ बिटांचा प्रकार ३ बाइटांचा आहे. एसडीएल २ मध्ये २४ बिटांचा प्रकारच नाही, त्यामुळे प्रत्येक सॅम्पल ३२ बिटांत रुंद करावा लागतो आणि तसे करताना तो ८ बिट डावीकडे सरकवावा लागतो. सरकवायचे राहिले तर आवाज येतो, पण २५६ पट लहान, म्हणजे सुमारे ४८ डेसिबल खाली. वापरणाऱ्याला वाटते की आवाजच येत नाही. उलट, ३ बाइटांचा डेटा ४ बाइटांचा समजून पाठवला तर पूर्ण पातळीचा खरखराट ऐकू येतो.

सावधान: २४ बिटांची पहिली चाचणी हेडफोन कानाला लावून करू नये. या पायरीवरील चूक कानाला आणि स्पीकरला खरोखर इजा करू शकते.

बाइटांचा क्रम आणि शांतता. पोर्टऑडिओ यंत्राच्या स्वतःच्या बाइटक्रमातील डेटा घेते. उलट क्रमाचा डेटा आला तर बाइट उलटवावेत, नाहीतर फॉरमॅट नाकारावा. ८ बिटांच्या चिन्हरहित ध्वनीत शांततेचे मूल्य शून्य नसून १२८ असते; बफर शून्यांनी भरणाऱ्या कोडमुळे सुरुवातीला आणि शेवटी "टक" असा आवाज येतो.

बफरची लांबी. संगीत प्लेअरला खेळाइतका तत्पर प्रतिसाद लागत नाही. पोर्टऑडिओ प्रत्येक उपकरणासाठी कमी आणि जास्त अशा दोन विलंबांच्या सूचना देते. त्यांतील जास्तीची घ्यावी. ४४१०० च्या दराने १०२४ फ्रेम म्हणजे जेमतेम २३ मिलिसेकंद होतात, आणि तेवढ्या बफरवर दुसऱ्या टर्मिनलमध्ये कंपाइल सुरू केले की गाणे तुटू लागते. दुसऱ्या टोकाला, बफर २ सेकंदांचा ठेवला आणि प्लेअर लिहिलेल्या बाइटांवरून वेळ मोजत असला, तर दाखवलेली वेळ २ सेकंद पुढे राहते आणि आवाजाची पातळी बदलल्याचेही तितक्या उशिरा कळते. २०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यानचा बफर बहुतेक ठिकाणी सोयीचा पडतो.

## ६. लिहिणे: चारही लायब्रऱ्यांची भाषा वेगळी

या पायरीवर सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे घाई करू नये.

आल्साचे राइटआय हे फंक्शन फ्रेम घेते आणि फ्रेमच परत करते. पोर्टऑडिओचे राइटस्ट्रीम फ्रेम घेते, पण संख्या परत न करता चुकीचा संकेत परत करते, आणि त्यात शून्य म्हणजे यश. लिबएओचे प्ले बाइट घेते आणि यशासाठी शून्येतर मूल्य व अपयशासाठी शून्य परत करते. एसडीएल २ चे क्यू-ऑडिओ बाइट घेते आणि यशासाठी शून्य परत करते. प्लेअरला मात्र प्रत्येक वेळी एकच उत्तर हवे असते: किती बाइट लिहिले गेले.

हे जुळवले नाही तर काय होते, ते एका उदाहरणात पाहू. प्लेअरने ४०९६ बाइट दिले, म्हणजे १०२४ फ्रेम. आल्साने १००० फ्रेम स्वीकारल्या, म्हणजे ४००० बाइट. बॅकएंडने गुणाकार न करता १००० हीच संख्या परत केली. प्लेअरच्या दृष्टीने फक्त १००० बाइट गेले. तो उरलेले ३०९६ बाइट पुन्हा पाठवतो, ज्यातले ३००० आधीच वाजायला गेले आहेत. गाणे तोतरे वाजते आणि वेळेचा काटा चौपट हळू सरकतो. काटा नेमका चौपट हळू किंवा चौपट वेगाने जात असेल, तर दुसरे काही शोधण्याआधी फ्रेम आणि बाइट यांच्यातला गुणाकार पाहावा.

बफर-स्पेसचेही तसेच आहे. पोर्टऑडिओ किती फ्रेम लिहिता येतील ते सांगते. त्याला फ्रेमच्या आकाराने गुणावे, आणि उत्तर ऋण असेल तर ती संख्या नसून चूक आहे हे आधी तपासावे. एसडीएल २ उरलेली जागा सांगत नाही, रांगेत किती बाइट आहेत ते सांगते. रांगेला कमाल मर्यादा नसल्यामुळे ती आपणच ठरवून त्यातून वजाबाकी करावी लागते; ती केली नाही तर प्लेअर डिकोडरच्या वेगाने अख्खे गाणे स्मृतीत ढकलून मोकळा होतो आणि काटा काही क्षणांत शेवटाला पोहोचतो. लिबएओ काहीच सांगत नसल्यामुळे तेथे ठरावीक आकाराचे उत्तर द्यावे आणि थांबण्याचे काम लायब्ररीवर सोडावे. तो आकार लहान ठेवावा, कारण प्ले फंक्शन अडकलेले असताना वापरणाऱ्याची "थांब" ही आज्ञा वाट पाहत राहते.

बॅकएंडला मिळालेले बाइट नेहमी पूर्ण फ्रेमचेच असतील असे गृहीत धरू नये. उरलेले तुकडे न लिहिता तेवढे कमी परत करावेत. अर्धी फ्रेम लिहिली गेली की डावा-उजवा चॅनेल किंवा बाइटांचा क्रम सरकतो आणि गाणे संपेपर्यंत सरकलेलाच राहतो.

चुकांचेही दोन वर्ग करावेत. आल्सात बफर रिकामा पडल्याचा संकेत येतो, तसेच यंत्र झोपेतून उठल्याचाही येतो. या दोन्हींसाठी रिकव्हर फंक्शन बोलावून पुन्हा लिहावे. पोर्टऑडिओतील आउटपुट-अंडरफ्लोड हा संकेतही घातक नाही, डेटा स्वीकारला गेलेला असतो. उपकरण निघून गेल्याची चूक मात्र घातक आहे. ती आल्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता प्लेअरला कळवावी. लिबएओच्या प्लेने अपयश दिले तर ते उपकरण बंदच करावे लागते.

तपासणी: गाणे वाजत असताना यूएसबी हेडफोन उपटावेत. प्लेअरने संदेश देऊन थांबले पाहिजे. प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेला तर चुकीचे चक्र कोठेतरी न संपणारे आहे.

## ७. थांबवणे, टाकून देणे आणि संपवणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत

पॉजमध्ये बफरमधला ध्वनी राखून ठेवायचा असतो, ड्रॉपमध्ये तो फेकायचा असतो आणि क्लोजमध्ये तो शेवटपर्यंत वाजू द्यायचा असतो. एकाच "स्टॉप" फंक्शनाने तिन्ही कामे उरकण्याचा मोह टाळावा.

पोर्टऑडिओत स्टॉपस्ट्रीम बफरमधला ध्वनी वाजून होईपर्यंत थांबते, तर अबॉर्टस्ट्रीम तो टाकून देते. म्हणून ड्रॉपसाठी अबॉर्ट आणि क्लोजसाठी स्टॉप वापरावे. पॉजसाठी वेगळी सोय नाही. तेथे मी स्टॉपच निवडतो, कारण त्यामुळे आज्ञा दिल्यावर अर्धा सेकंद आवाज रेंगाळला तरी गाण्याचा एकही तुकडा हरवत नाही. बफर फार लांब ठेवू नये, असे वर म्हटले त्याचे हेही एक कारण आहे.

एसडीएल २ मध्ये उपकरण उघडले जाते तेच थांबलेल्या अवस्थेत. पॉज-ऑडिओ-डिव्हाइसला शून्य देऊन ते चालू करेपर्यंत रांग नुसती भरत राहते, आणि "सगळे ठीक दिसते पण आवाज नाही" ही नव्या बॅकएंडबद्दलची नेहमीची तक्रार येथूनच येते. ड्रॉपसाठी रांग रिकामी करण्याचे फंक्शन आहे. क्लोजच्या आधी मात्र रांग शून्यावर येईपर्यंत थांबून वर उपकरणाच्या एका बफराइतका वेळ द्यावा, कारण रांगेतून निघालेला शेवटचा तुकडा त्या क्षणी वाजायचा असतो.

आल्सात पॉज प्रत्येक हार्डवेअरला जमत नाही. जमते का हे उघडतानाच विचारून ठेवावे, आणि जमत नसेल तर ड्रॉप करून नंतर प्रिपेअरने पुन्हा सुरू करावे.

पुढील गाण्याचा फॉरमॅट तोच असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये क्लोज होऊच नये. हा निर्णय प्लेअरचा असला तरी चाचणी बॅकएंडच्या लेखकाने करावी. शास्त्रीय मैफलीचे असे ध्वनिमुद्रण घ्यावे ज्यात आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकवर आहेत पण तानपुरा अखंड चालू आहे. सांध्यावर किंचितही खंड पडला तर तो लगेच ऐकू येतो.

तपासणी: पॉज, पुढे उडी, पुन्हा सुरू, या क्रमाने आज्ञा द्याव्यात. उडी मारण्यापूर्वीच्या जागेचा तुकडा ऐकू आला तर ड्रॉप अपुरा आहे.

## ८. लायब्ररी कॉलबॅकचीच असेल तर

मिनीऑडिओसारख्या लायब्ररीत डेटा आपण ढकलत नाही, लायब्ररी तो मागून घेते. अशा वेळी मध्ये एक चक्राकार बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरला जाणारा) ठेवावा: राइट फंक्शन एका बाजूने भरते, कॉलबॅक दुसऱ्या बाजूने रिकामा करते आणि बफर-स्पेस उरलेली जागा सांगते. प्लेअरचा करार जसाच्या तसा राहतो. मिनीऑडिओत असा बफर तयार मिळतो.

कॉलबॅकमध्ये स्मृती मागणे, फाइल उघडणे, संदेश छापणे आणि लॉकसाठी थांबणे वर्ज्य मानावे. यातले काहीही शंभरदा निभावून नेले जाते आणि नेमके यंत्रावर भार असताना गाणे तुटते. बफरमध्ये पुरेसा डेटा नसेल तर उरलेली जागा शांततेने भरून परतावे. तेथे वाट पाहू नये. ड्रॉपच्या वेळी दोन्ही टोकांचे निर्देशक एकदम शून्यावर आणणे सुरक्षित नाही. आधी उपकरण थांबवावे, मग बफर रिकामा करावा, मग पुन्हा सुरू करावे.

## ९. टर्मिनल, सिग्नल आणि फोर्क

ही पायरी ग्राफिकल खिडकीत चालणाऱ्या प्लेअरला लागत नाही, त्यामुळे लायब्ररीच्या मार्गदर्शिकेत ती सहसा सापडत नाही. लिनक्सवर पोर्टऑडिओ सुरू होताना ती सर्व उपकरणे चाचपते आणि त्या वेळी आल्सा आपल्या तक्रारी थेट स्टँडर्ड एररवर, म्हणजे टर्मिनलवर दिसणाऱ्या चुकांच्या प्रवाहावर, छापते. साध्या कमांडला ते खपते. पण पडदा भरून रेखाटणाऱ्या प्लेअरमध्ये त्या ओळी गाण्यांच्या यादीवर पसरतात. उपाय बॅकएंडमध्ये न करता प्लेअरमध्ये करावा: पडदा ताब्यात घेण्यापूर्वी स्टँडर्ड एरर कायमची लॉग फाइलकडे वळवावी. दर वेळी तात्पुरती वळवून परत आणण्याची युक्ती अनेक थ्रेड चालू असताना भरवशाची नाही.

एसडीएल २ केवळ ऑडिओसाठी सुरू केली तरी तिचा घटनांचा विभागही सुरू होतो आणि ती व्यत्ययाचा व समाप्तीचा सिग्नल स्वतःकडे घेते. परिणामी कंट्रोल-सी दाबूनही प्लेअर बंद होत नाही. सुरू करण्यापूर्वी सिग्नल हाताळू नयेत अशी सूचना तिला द्यावी.

प्लेअर पार्श्वभूमीत जाण्यासाठी फोर्क करत (स्वतःची प्रत असलेली नवी प्रक्रिया सुरू करत) असेल तर लायब्ररी फोर्कनंतरच जागी करावी, कारण लायब्ररीने उभे केलेले थ्रेड नव्या प्रक्रियेत येत नाहीत.

## १०. अग्रक्रम ठरवणे

वापरणाऱ्याने काही निवडले नसेल तर प्लेअर बॅकएंड कोणत्या क्रमाने वापरून पाहतो, हे सीमसमध्ये प्रत्येक प्लगिनच्या प्राधान्य-अंकावरून ठरते. लहान अंक आधी येतो. पोर्टेबल बॅकएंडला सर्व मूळ बॅकएंडांच्या नंतरचा अंक द्यावा. तो चुकून वर गेला तर पल्सऑडिओ (लिनक्सवरील ध्वनी सेवा) किंवा आल्सा नीट चालत असलेल्या हजारो यंत्रांवर आवाजाचा मार्ग नकळत बदलतो, आणि कोणीही काही बदलले नसताना तक्रारी येऊ लागतात. पाइपवायर ही नवी ध्वनी सेवा असलेल्या यंत्रांवर पल्सऑडिओचा बॅकएंड तिच्या सुसंगत सेवेमार्फत चालतो, त्यामुळे तेथेही पोर्टेबल बॅकएंड पुढे आणण्याचे कारण नाही.

इनिट यशस्वी होणे म्हणजे आवाज येईलच असे नाही. जेथे एकही आउटपुट उपकरण नाही, तेथे इनिटने अपयशच कळवावे, म्हणजे प्लेअर पुढचा बॅकएंड पाहील.

## ११. प्रकाशनापूर्वीची फेरी

प्रत्येक प्रणालीवर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. डाव्या चॅनेलवरचा स्वर डावीकडेच ऐकू येतो का. १००० हर्ट्‌झचा स्वर ४४१००, ४८००० आणि ९६००० या तिन्ही दरांच्या फाइलमधून एकाच उंचीचा ऐकू येतो का. एका चॅनेलची फाइल योग्य वेगाने वाजते का. दुप्पट वेगाने वाजली तर चॅनेलांची संख्या कोठेतरी २ अशी ठोकून बसवली आहे. एक तासाच्या फाइलअखेरीस दाखवलेली वेळ घड्याळाशी जुळते का. गाणे थांबवून लॅपटॉप झोपवला आणि उठवला, तर ते पुन्हा सुरू होते का. आणि शेवटी, स्मृती तपासणाऱ्या साधनाखाली शंभर वेळा उघड-बंद करून गळती पाहावी. ओपन अर्ध्यावर अपयशी झाल्यास मागे राहिलेला स्ट्रीम तेथे हमखास सापडतो.

मार्गदर्शिकेत बॅकएंडचे नाव, उपकरण निवडण्याचा पर्याय, बफरचा पर्याय आणि न चालणारे फॉरमॅट लिहावेत. पहिल्या आवृत्तीत बॅकएंड मागितल्याशिवाय वापरला जाणार नाही असा ठेवावा. विंडोज, मॅकओएस आणि किमान एका बीएसडीवरून तो नीट चालल्याचे कळल्यानंतरच त्याला आपोआप निवडीच्या यादीत, शेवटच्या जागी, स्थान द्यावे.